छाट

यादी बंगळूरहून येते. सोमवारी, दहाच्या आत.
सी, सी, एन, कंस, पुन्हा सी,
एका ओळीत अख्खा रेणू
जो अजून पृथ्वीवर कुठेच नाही.
शेवटी आकडा : बनण्याची शक्यता, शंभरात एक्क्याऐंशी.

यंत्राला चिंचोळीचा मे माहीत नाही.
इथं ईथरची बाटली उघडली
की निम्मं ईथर मोहोळच्या रस्त्याला लागतं.
पाणी चार दिवसांआड, म्हणून कंडेन्सरमधून
तेच तेच पाणी फिरवतो, बादलीत बर्फाची लादी फोडून.
इरण्णा बिराजदार चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचतात :
"ह्यानं कधी फ्लास्क धुतलाय का, विचार की जरा."

विडी घरकुलात आई उंबऱ्याला टेकून बसते.
मांडीवर आता सूप नसतं.
तीस वर्षं रोज हजार विड्या, पंचविसाचा कट्टा,
आता अंगठा तर्जनीवर
नसलेलं पान वळत राहतो.
खोकला साध्या गोळ्यांना जुमानेना,
म्हणून दुसऱ्या गोळ्या. त्यांनी कातडी काळवंडली.
शेजारची राजव्वा विचारते, उन्हात कुठं गेलतीस गं?

तिला सांगायचा प्रयत्न केला.
आई, जंतूच्या अंगात एक खळगा असतो.
यंत्राला तो दाखवलाय.
त्यात चपखल बसेल असं काही ते शोधतं.
अकरा कोटी पाहिले म्हणे. बारा आमच्याकडे धाडले.
"आणि राहिलेले?"
बाकी सगळं ती तेलुगूत बोलते,
हा एकच शब्द कारखान्याचा, तो मीच उच्चारला :
छाट.

आई हसली, खोकली, परत हसली.
"अकरा कोटी! मग आमचा चेकर देवमाणूसच म्हणायचा."

सातव्या क्रमांकाला मला सतरा दिवस लागले.
दोनदा काळं डांबर झालं.
एकदा रात्री लाईट गेली नि ढवळणारं चुंबक
काचेच्या तळाशी मेल्यासारखं पडलं.
अठराव्या सकाळी अडतीस मिलिग्रॅम,
फिकट पिवळं,
शेंगाच्या चटणीत घालाल त्या मिठाहून कमी.
इरण्णा काही बोलले नाहीत,
फक्त कुपी उजेडात धरली, जरा जास्त वेळ.

तीन आठवड्यांनी अहवाल आला.
जंतू मरतात.
यकृताच्या पेशीही मरतात.

मी ते दोन्ही भरून पाठवलं, जसं आहे तसं.
"आता ते शिकेल," तिकडची मुलगी फोनवर म्हणाली,
"नाही सुद्धा त्याच्या कामाचं असतं."
तिचं खरंच होतं.
पुढच्या सोमवारी यादीत
तसली कडी कुठेच नव्हती.

आईला हे सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नाही.
"छाटेचे पैसे कधी मिळाले नाहीत," ती म्हणाली,
"पण छाट परतही दिली नाही कुणी.
ठेवून घ्यायचे. तीही कुणीतरी ओढायचंच की."
मग बराच वेळ
दत्त नगरकडून येणारा मागांचा खडखडाट
आम्ही दोघी ऐकत बसलो.
तिला काय सांगणार होते मी?
हजेरीपटावर माझे सतरा दिवस
सतराच दिवस म्हणून लागलेत,
आणि मार्चमध्ये करार संपतो.

रात्री तिच्या गोळ्या मोजून ताटलीत ठेवते.
ती एकेक उचलून दिव्यापाशी नेते,
कडा बघते, नखानं घासते,
जसं पान बघायची, शिर बघायची.
एका गोळीचा कोपरा उडालेला.
ती बाजूला सरकवते, अगदी सवयीनं.
"ही छाट."

नाही आई, ही चालते.

"तू पास केलीस?"

हो.

"सही कर मग," म्हणते,
आणि तांब्या तोंडाला लावते.